एकच बाटली, पिणारे दोघे, मग डोकं एकाचंच का फुटतं?



आज मत्स्यबीज, बर्फ किंवा बाजारभाव यातला विषय नाही. विषय जरा अवघड आहे. आपल्या पानावर दारूबद्दल लिहावं की नाही यावर आमच्यातच दोन मतं होती. पण गेल्या हंगामात तळ्यावर जे झालं ते बघितल्यावर लिहायचं ठरवलं.

जाळं ओढायचा दिवस होता. पहाटे साडेपाचला माणसं बांधावर जमली. आदल्या रात्री दोन सभासदांनी मिळून एक बाटली संपवली होती, ते लपून राहिलं नव्हतं. त्यातला एक जण चहा पिऊन सरळ पाण्यात उतरला. दुसरा बांधावरच डोकं धरून बसला. उजेड नको म्हणत होता, दोनदा उलटी झाली, कुणी मोठ्यानं बोललं तरी कळवळत होता. पोरं हसायला लागली, "झेपत नाही तर पितोस कशाला रे?" सगळ्यात वयस्कर तात्या तेवढे हसले नाहीत. जवळ गेले, त्याची हनुवटी वर केली आणि विचारलं, "दिसतंय काय रे तुला नीट? माझी बोटं किती?"

त्यानं बोटं बरोबर सांगितली. तेव्हा कुठं तात्या खाली बसले.

तात्यांनी दुसरं काही न विचारता डोळ्यांचंच का विचारलं, ते पुढं सांगतोच. आधी पोरांच्या प्रश्नाचं बघू. बाटली एक, माप सारखं, मग डोकं एकाचंच का? आमच्यात कुणी डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर खानापूरला डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं, आणि जे खात्रीचं वाटलं तेवढंच इथं लिहितो.

दारू पोटात गेली की ती मोडायचं काम बहुतेक लिव्हरचं. लिव्हर आधी दारूचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं द्रव्य करतं, मग त्याचं ॲसिटेट करतं, आणि ॲसिटेट शरीर जिरवून टाकतं. मधलं ॲसिटाल्डिहाइड विषारी. त्यानं तोंड लाल होतं, छाती धडधडते, मळमळतं. हे द्रव्य पुढं मोडणारं एन्झाइम कुणाचं जोरात चालतं, कुणाचं हळू. चीन, जपान, कोरियाकडं बऱ्याच लोकांत ते जन्मापासूनच कमजोर असतं, त्यामुळं दोन घोटांत चेहरा लालभडक होतो. आपल्या भागात ती कमतरता फारशी आढळत नाही, पण माणसामाणसात थोडाफार फरक असतोच. वजन, वय, पोटात जेवण होतं की नव्हतं, रात्री झोप किती झाली, यानंही फरक पडतो. म्हणजे "झेपणं" यात मर्दानगीचा काही संबंध नाही. अंगाची घडण जशी, तसं झेपतं.

आता हिशेब बघा, कारण आपल्या धंद्याला तो नेमका लागू पडतो. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम भरतं. लिव्हर तासाला मोडतं सात ते दहा ग्रॅम. ताक प्या, आंघोळ करा, कॉफी घ्या, हा वेग वाढत नाही. म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते आठ तास. रात्री दहाला बाटली संपली तर पहाटे चार ते सहाच्या दरम्यान रक्तातली दारू संपत येते. आणि गंमत अशी की डोकं सगळ्यात जास्त दुखतं ते दारू चढलेली असताना नाही, ती उतरून शून्याजवळ येते तेव्हा. आपली जाळं ओढायची वेळ कुठली? तीच. दुकानदारानं रात्री घेतली तर तो सकाळी आठपर्यंत झोपून राहतो, अर्धा त्रास झोपेतच निघून जातो. आपला माणूस त्याच घटकेला थंड पाण्यात उभा असतो.

त्यात पाण्याची भर. शरीरात एक हार्मोन लघवी आवरून धरतं, दारू ते दाबून टाकते. म्हणून पिताना सारखं उठावं लागतं आणि सकाळी तोंडाला कोरड पडते. दिवसभर उन्हात होडीवर घाम गाळलेला माणूस संध्याकाळी आधीच सुकलेला असतो, त्याच्यावर दारू म्हणजे दुप्पट सुकणं. मात्र "पाणी भरपूर प्यायलं की डोकं दुखत नाही" हे पूर्ण खरं नाही. पाण्यानं तहान भागते, कोरड जाते, ते प्यावंच. पण डोकेदुखीला सुकणं हे एकच कारण नाही. रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते, पोट आतून चिडतं, रिकाम्या पोटी साखर खाली येते, आणि अंगात बारीक ताप आल्यासारखी सूज उठते. हे सगळं मिळून सकाळ वाईट जाते.

मग दारू कुठली, यानं फरक पडतो का? पडतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. दारू बनताना अल्कोहोलसोबत बाकीचीही बरीच द्रव्यं तयार होतात, त्यांना कॉन्जेनर म्हणतात. वास, चव बरीचशी त्यांचीच. अमेरिकेत २०१० साली एक अभ्यास छापून आला. तरुण माणसांना एका रात्री बर्बन व्हिस्की किंवा व्होडका आणि दुसऱ्या रात्री नुसतं साधं पेय पाजून सकाळी तपासलं. बर्बनमध्ये कॉन्जेनर व्होडकाच्या ३७ पट होते, आणि बर्बन प्यालेल्यांचं डोकं, मळमळ जास्त होती. पण त्यातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटली. सकाळी लक्ष देऊन करायच्या कामात दोन्ही दारवांचे लोक सारखेच मागे पडले. म्हणजे डोकं दुखत नाही म्हणून हात-पाय ठिकाणावर आहेत असं समजायचं कारण नाही. त्या पहाटे चहा पिऊन सरळ पाण्यात उतरला तो गडी, त्याची चूक बांधावर बसलेल्यापेक्षा मोठी होती असं आमचं मत आहे. त्याला राग आला तर येऊ दे.

आपल्याकडची स्वस्त व्हिस्की-रम बहुतेक मळीच्या स्पिरिटमध्ये रंग आणि वास घालून केलेली असते. त्यामुळं "काळी दारू वाईट, पांढरी चांगली" हा नियम बाटलीचा रंग बघून लावता येत नाही.

फेणीबद्दल तर आमच्या भागात ठाम समजूत आहे. लोंढ्याच्या पलीकडं गोवा, त्यामुळं मार्च ते मे काजूच्या दिवसांत उर्राकाची चर्चा असतेच. काजूच्या बोंडाचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. उर्राक पंधरा टक्क्यांच्या आसपास, फेणी चाळीसच्या वर. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, माल नावाजलेला आहे यात वाद नाही. पण "फेणीनं डोकं दुखत नाही" हे काही खरं नाही. उर्राक हलका म्हणून लोक तो लिंबाच्या सरबतासारखा पितात, आणि चार ग्लासांत हिशेब तोच होतो. फळाच्या दारूत फळातल्या पेक्टिनमुळं चिमूटभर मेथॅनॉल आपोआपच येतं. तेवढ्यानं माणूस दगावत नाही. दगावतो तो दुसऱ्याच कारणानं, त्याकडं येतोच.

त्याआधी आपल्याच मालाबद्दल एक कबुली. दारूनंतरच्या प्रत्येक डोकेदुखीला दारूच जबाबदार असते असं नाही. कधी कधी ताटातला बांगडा असतो! बांगडा, तारली, कुपा या जातींच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर तापत राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ला की काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत डोकं ठणकायला लागतं, तोंड-मान लाल होते, अंगाला खाज सुटते, कधी जुलाब. लोकांना वाटतं दारू चढली किंवा माशाची ॲलर्जी झाली. आणि दारू आतड्यातल्या हिस्टामिन मोडणाऱ्या एन्झाइमला मंद करते, म्हणून दोन्ही एकत्र आले की त्रास वाढतो. एकदा हिस्टामिन तयार झालं की तळून, उकळून किंवा पुन्हा बर्फात ठेवून ते जात नाही. वासही नेहमी येतोच असं नाही. आपल्या तळ्यातल्या कटला-रोहूत हा धोका कमी. पण कारवार-गोव्याहून येणारा बांगडा आपलेच काही सभासद विकतात, त्यांनी बर्फात हात आखडता घेऊ नये. गिऱ्हाईक दारूला शिव्या देतं म्हणून आपण सुटलो असं नाही.

आता बांधावर बसलेल्या माणसाकडं परत येऊ. त्याला डॉक्टरांनी सांगितलं की ही मायग्रेन आहे, म्हणजे आपली अर्धशिशी. त्याच्या आईलाही होती. उन्हात, उपाशी राहिल्यावर, जागरणानं त्याचं डोकं पूर्वीही धरत होतं, फक्त दारू घेतल्यावर जास्त. अर्धशिशीवाल्याला दारू म्हणजे गवताच्या गंजीला काडी. डोकं बहुतेक एका बाजूचं ठणकतं, हाललं की वाढतं, उजेड-आवाज सोसत नाही, ओकारी येते. कुणाला हे पिल्यापासून तीन तासांतच सुरू होतं, कुणाला पाच ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी. अशा माणसाला एक पेगही पुरतो. त्यानं "सवय करून घेतो" म्हणून चालत नाही. अर्धशिशीला आता चांगली औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून घ्यावीत. आणि हसणाऱ्या पोरांनी हे लक्षात घ्यावं की तो नाटक करत नव्हता.

आणखी एक प्रकार असतो, तो पुरुषांत जास्त. एकाच डोळ्याच्या मागं सुरी खुपसल्यासारखं दुखतं, त्या बाजूचा डोळा लाल होऊन पाणी गळतं, नाक चोंदतं, माणूस जागेवर बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो. याला क्लस्टर म्हणतात. काही आठवडे रोज येतो, मग कित्येक महिने गायब. त्या आठवड्यांत थोडी जरी दारू घेतली तरी तासाभरात झटका येतो. असं कुणाचं होत असेल तर डॉक्टरांना सांगावं, हे दातदुखी किंवा सायनस समजून वर्षानुवर्षं काढणारे लोक आहेत.

काही गोळ्यांबरोबर दारू चालत नाही. जुलाबावर किंवा दाढेच्या सुजेवर मेट्रोनिडाझोल देतात, त्याच्या पाकिटावरच दारू घेऊ नये असं असतं. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी देतात, ती मुद्दाम ॲसिटाल्डिहाइड अडवते. त्यामुळं त्यावर दारू घेतली की डोकं फुटतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. घरच्यांनी ही गोळी चोरून चहात-भाजीत घालू नये. आमच्या कानावर असे प्रकार आलेत. हेतू चांगला असला तरी जीवाशी खेळ आहे, डॉक्टरांच्या आणि त्या माणसाच्या माहितीशिवाय नको.

आता तात्यांचा प्रश्न. "दिसतंय काय रे तुला?"

मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये गावठी दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्याआधी १९९१ च्या अखेरीस विक्रोळीत असंच झालं होतं. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अरॅक बंद झाली, आणि मे २००८ मध्ये बेंगळूरच्या आसपास, कोलार आणि पलीकडं तमिळनाडूच्या कृष्णगिरीकडं विषारी दारूनं दीडशेच्या वर बळी घेतले. बेंगळुरात १९८१ सालीही मोठी घटना झाली होती, तेव्हाचा आकडा तीनशेच्या वर होता. तात्या त्या काळात तिकडं बांधकामावर होते. ते जास्त बोलत नाहीत, पण प्यालेल्या माणसाला आधी डोळ्यांचंच विचारतात.

या घटनांत गुन्हेगार मेथॅनॉल. कारखान्यात थिनर, रंग, रसायनं यासाठी वापरलं जाणारं स्पिरिट. दिसायला, वासाला, चवीला साध्या दारूसारखंच. स्वस्त पडतं म्हणून कुणीतरी ते मिसळतं. साधारण तीस मिली शुद्ध मेथॅनॉल माणसाचा जीव घेऊ शकतं, आणि त्याहून कमीतही डोळे जाऊ शकतात. लिव्हर त्याला दारूच समजून मोडायला घेतं, पण त्यातून फॉर्मिक ॲसिड तयार होतं. ते डोळ्याच्या नसेवर जाऊन बसतं आणि रक्त आंबट करतं.

इथं फसगत अशी होते. मेथॅनॉल मोडायला वेळ लागतो, त्यामुळं पिल्यानंतर पहिले बारा ते चोवीस तास माणूस बरा दिसू शकतो. सोबत साधी दारूही असेल तर आणखी उशीर, कारण लिव्हर आधी तिला हात घालतं. मग डोकं दुखतं, पोटात कळ येते, उलटी होते. घरचे म्हणतात, "काल जास्त झाली, झोपू दे." आणि माणूस झोपेतच जातो. साधी उतरणारी दारू दुपारपर्यंत हलकी होत जाते. मेथॅनॉल उलट, तास जातील तसं वाढत जातं. धुक्यातून किंवा पांढऱ्या पडद्याआडून बघितल्यासारखं दिसणं, उजेड डोळ्यांत खुपणं, धाप लागणं, बरळणं, यातलं एक जरी आलं तरी वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा, आणि सोबत प्यालेल्या सगळ्यांना उठवून न्यायचं, ज्याला काही होत नाही त्यालासुद्धा. उरलेली बाटली बरोबर न्यावी. दवाखान्यात यावर उतारा आहे, फोमेपिझोल नावाचं औषध किंवा मापून दिलेलं अल्कोहोल, शिवाय डायलिसिस. लवकर पोचलं तर डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.

यावरून कुणी म्हणेल, अल्कोहोलच औषध आहे तर घरीच एक पेग पाजू. नाही. ते रक्त तपासून, मापून, दवाखान्यातच द्यायचं असतं. सकाळी "उतारा" म्हणून घोटभर घेणारे आहेत, त्यांना बरं वाटतं ते याच कारणानं, त्रास तासाभरानं पुढं ढकलला जातो एवढंच. रोज सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात, असं असेल तर ती डोकेदुखी नव्हे, व्यसन आहे. अशा माणसानं एकाएकी सोडणंही धोक्याचं असतं, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावं. काडी लावून निळी ज्योत बघणं, बोटावर घासून वास घेणं, यानं मेथॅनॉल ओळखता येत नाही. परीक्षा करत बसू नये.

दोन गोष्टी आपल्या पाण्यातल्या माणसांसाठी वेगळ्या सांगतो. पहिली, रात्री प्यालेला माणूस बांधावरून घसरला, डोकं आपटलं, आणि सकाळी डोकं दुखतंय, झोप अनावर होतेय, एका बाजूचा हात हलका पडलाय, तर ती दारू नव्हे. आत रक्तस्राव असू शकतो. दुसरी, पावसाळ्यात गढूळ पाण्यात उतरणाऱ्याला डोकेदुखीबरोबर ताप, पोटऱ्यांत कळ आणि डोळे लाल असतील तर लेप्टो असू शकतो. आदल्या दिवशी प्यायला होता म्हणून त्याला घरी झोपवून ठेवू नका. पिणाऱ्याच्या दुखण्याकडं कुणी लक्ष देत नाही, ही खरी अडचण आहे.

गोळ्यांचं थोडक्यात. रोज पिणाऱ्यानं क्रोसिनसारखी पॅरासिटामॉल मनानं घेत राहू नये, लिव्हरवर भार येतो. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन उपाशी पोटी घेतली तर दारूनं आधीच चिडलेल्या पोटातून रक्त येऊ शकतं. पेज, ताक, मीठ-साखरेचं पाणी आणि सावलीत झोप, साध्या त्रासाला हेच.

त्या दिवशी अर्धशिशीवाल्या आपल्या सभासदाला आम्ही पाण्यात उतरवलं नाही, दुपारी बरं वाटल्यावर काट्यावर वजन लिहायला बसवलं. वाटणी त्याला पूर्ण दिली. यावर दोघा-तिघांनी कुरकुर केली. त्यांना आमचं म्हणणं असं की ज्या दिवशी लपवून पाण्यात उतरण्यापेक्षा "आज मला जमत नाही" म्हणणं स्वस्त पडेल, त्या दिवशी माणसं खरं बोलतील. पुढच्या मासिक सभेत हा विषय अजेंड्यावर घेतलाय. वाटणी पूर्ण द्यायची की अर्धी, ते तिथं ठरवू. महिला सभासदांनी जरूर यावं, कारण रात्री घरी कोण किती वाजता आलं आणि सकाळी कसा उठला, हे तुम्हालाच आधी कळतं.